मागणीच्या पहाटेचा फोटो

तीर्थरूप दिपुओ आत्यांना गाओनेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमच्या कोंबड्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. आम्हीही ठीक आहोत. माझं लग्न तेवढं शिल्लक आहे की मोडलं ते कळत नाही, म्हणून हे पत्र. (फोन केला असता, पण बाबा शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात.)

तुमच्या धाकट्या भावाचं विज्ञानप्रेम तुम्हाला नवं नाही. इतर मुलांचे बाप गुरं राखायला शिकवत होते, तेव्हा बाबा, म्हणजे आमचे मास्तर, भोपळा आणि संत्रं घेऊन ग्रहण समजावत होते. संध्याकाळी आई तो भोपळा शिजवायची आणि बाबा पृथ्वी कुठे गेली म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. त्याच वेडापायी मी रात्रीच्या आभाळाचे फोटो काढू लागले. मुलगी वाया गेली असं गावाचं मत आहे, आणि बाबांना गावाचं कुठलंच मत पटत नाही.

तर गेल्या शनिवारी पहाटे माझ्या थुसोचे मामालोक त्याच्यासाठी मागणी घालायला येणार होते. नेमका त्याच पहाटे सेलेमेला, म्हणजे कृत्तिकांचा तारकापुंज, या थंडीत पहिल्यांदा दिसणार होता. बाबा म्हणाले, फोटो आधी. आई म्हणाली, "तारे पुढच्या वर्षीही येतील. हिला मागणी येईल का?" (आईचं माझ्याबद्दलचं मत हे असं.) बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस," आणि घरातले सगळे दिवे मालवून टाकले. चूलसुद्धा पेटू दिली नाही.

मामांची गाडी वळणावर दिसताच बाबा अंगावरच्या घोंगडीसकट रस्त्यात आडवे झाले, हेडलाइट बंद करायला लावले आणि पाहुण्यांना फाटकाबाहेर बसवलं. बोलावल्याशिवाय हलायचं नाही, अशी वर ताकीद. आता आपल्यात मुलाकडच्यांना ताटकळत ठेवायची रीतच आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना वाटलं, मुलगी फारच मोलाची दिसते. बाबांनी हात लांब करून त्यांना सेलेमेला दाखवला, त्यावर लांबलचक व्याख्यान दिलं. बोट होतं मोबाइलच्या टॉवरवरच्या दिव्यांकडे. सगळ्यांत थोरले मोदिसेमामा अदबीने म्हणाले, "हो मास्तर, फारच तेजस्वी आहे." मला हसू आवरेना.

आत आईला वाटलं पाहुणे आलेच नाहीत. तिने रडत रडत त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळीच तळून ठेवलेले पिठाचे गोळे, मागविन्या, माझ्या बहिणींना वाटून टाकले. उजाडल्यावर पाहुण्यांना काय दिसलं? फाटकाला कुलूप, खायला शून्य आणि जिने आत मान खाली घालून बसायचं ती नवरी बापाचा कोट घालून कॅमेऱ्यापाशी उकिडवी. मोदिसेमामा आता अपमानाचा दंड म्हणून गाय मागतायत. आपण उजाडेपर्यंत ताठ मानेने जागे बसलो, असं ते गावभर सांगतात.

तुमची लाडकी,
गाओने

ता. क. फोटो सोबत पाठवते आहे. असा फोटो घेताना कॅमेरा बराच वेळ उघडा राहतो. जो हलतो तो पुसला जातो, जो स्थिर असतो तो उमटतो. मोदिसेमामा फार छान उमटलेत. तोंड उघडं, डोकं धाकट्या भावाच्या खांद्यावर. त्यांना एकट्याला गाठून दाखवा, गाईची शेळी होईल.

आणखी एक. त्याच फोटोत बाबांचं बोट बघा. सेलेमेला पलीकडे, गोठ्याच्या वर, अगदी ठसठशीत आहे. फोटो दाखवला तेव्हा बाबांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, "यातले तारे मोज बरं मोठ्याने, तुला येतात का बघतो." मी मोजले. ते नुसती मान हलवत राहिले. त्या पहाटे मी हसले होते, आत्या. आता हसवत नाही.

गाईचं राहू द्या. तुम्ही या, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आईचं ते ऐकत नाहीत, मला उलट शिकवतात, घाबरतात ते फक्त तुम्हाला. थुसो म्हणतो, लग्न पुढे गेलं तरी चालेल. पुढच्या थंडीत सेलेमेला उगवेल तेव्हा ते बोट गोठ्याकडे वळलेलं मला बघायचं आहे.