डफ खाली ठेवायचा नाही

१६ एप्रिल
ऊन कसलं, भट्टी. सकाळपासून चष्मेवाल्यांच्या प्रचार कार्यालयात बसून होते. (उमेदवारांची नावं या डायरीत लिहायची नाहीत. एक चष्मेवाले, दुसरे गॉगलवाले. तेवढं पुरे.) शेवटी मॅनेजर भेटला. निवेदन दिलं. वहीगायनाचा, म्हणजे डफावर आख्यानं गायच्या आमच्या कलेचा, सरकारी वर्ग अनुदान थांबलं म्हणून बंद पडलाय, तो सुरू करा, दरवर्षी पैसे येतील अशी सोय करा. खासदार व्हायचंय ना, मग दिल्लीत बोला.

"ताई, तुमच्याकडे मतं किती?"
म्हटलं, "मतं मोजायला तुम्ही बसलाय. मी वर्ग मागायला आलेय."
"मग असं करा, सभेला चार डफवाले पाठवा. साहेब येईपर्यंत गर्दी बसवून ठेवायला बरं पडतं."

गर्दी बसवून ठेवायला! तशीच उठले. समोर ठेवलेलं पाणीही प्यायले नाही.

१७ एप्रिल
नाना दुकानात आले. माझ्या वडिलांचे, आबांचे, फडातले जोडीदार. आबा गेल्यापासून फडाची सगळी आख्यानं एकट्या नानांना पाठ, दुसऱ्या कुणाला पुरती येत नाहीत. डॉक्टरने सांगितलंय, घशाला सूज आहे, आवाज जपा, नाहीतर जाईल.
नाना म्हणतात, "जपीसन काय करू? शिकाले कोनी नही. बठ्ठं मनासंगेच जाई."
चहा दिला. फुंकून फुंकून प्यायले. त्यांच्याबरोबर सगळं जाऊ द्यायचं नाही. वर्ग पाहिजे म्हणजे पाहिजे.

२१ एप्रिल
बैठक झाली, माझ्याच ड्रेपरीत, सोंगांचे कपडे भाड्याने देते त्या दुकानात. राजांचे अंगरखे, राक्षसांचे मुखवटे बाजूला सारून सतरंजी टाकली. बोदवडचे सुकलालभाऊ आले, धुळ्याकडून सोनगीरचा फड आला. त्यांचे उमेदवार वेगळे, पण दुखणं एकच. ठरलं: जोवर उमेदवार स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या स्टेजवर वर्गाचं बोलत नाही, तोवर कोणत्याही प्रचारसभेत कुणी गायचं नाही. डफावर हात ठेवून शपथ. पहिला हात नानांचा.
सुकलालभाऊ म्हणाले, "उषाताई, हंगाम बुडेल."
म्हटलं, बुडू दे, एकदाच.
(म्हणायला माझं काय जातं. पोट त्यांचं. हे मनात आलंच.)

२७ एप्रिल
सलीमभाई मशीनवर. आमच्या दुकानाचे टेलर, तीस-एक वर्षांपासून. सध्या दोन्ही पक्षांचे झेंडे शिवताहेत. मी टोमणा मारला. म्हणाले, "ताई, कपडे को क्या मालूम किसका है. निवडणूक संपल्यावर उरलेल्या कापडाचे तुमच्या दरबाराला पडदे शिवू." हसू आलं, चिडायचं होतं तरी.
सुकलालभाऊंनी दुसरी सुपारी नाकारली. फोनवर म्हणाले, बायको बोलत नाही. सोनगीरवाले अजून घट्ट आहेत.

२ मे
गॉगलवाले एका लग्नात गाठले. पंगतीत वाढत होते, शेजारी फोटोवाला. मी पान सोडून उठले आणि निवेदन पुढे केलं. "वा वा, कला म्हणजे आपल्या खानदेशची शान!" माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, निवेदन मागच्याला दिलं, मागच्याने अजून मागच्याला. शेवटी ते बुंदीच्या टोपल्यावर झाकण म्हणून पाहिलं. देवाशप्पथ.
वर्ग हा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही.

६ मे
घात झाला.
नानांच्या गावात पोस्टर लागलंय: अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संध्याकाळी गॉगलवाल्यांची जाहीर सभा, आणि खाली नानांच्या फडाचं नाव, नानांचा फोटो. सुकलालभाऊंचा फोन: "पहिला हात ठेवणाराच फुटला. आता आम्ही मोकळे." अखाजीपर्यंत थांबा म्हटलं, हातापाया पडून.
अंगाची लाही लाही झाली.

७ मे
दुपारच्या एसटीने नानांकडे. ओट्यावर बसले होते. आल्या आल्या तोंड सोडलं. शपथ कुणी घेतली होती, आमची तोंडं कुठे दाखवायची, सगळं.
नानांनी ऐकून घेतलं. मग कोनाड्यातला नारळ आणि सुपारी दाखवली. गॉगलवाल्यांची माणसं आठवड्यापूर्वी आली, पाया पडली, म्हणाली, अखाजीला गावच्या भवानीसमोर नमन गा, सुपारी साहेबांच्या हातची. सभेचं अक्षर बोलली नाहीत. नानांनी देवीचं नाव ऐकलं आणि उपरणं पसरलं.
"देवीना नाववर सुपारी लिधी, पोरी. परत कशी करू?"
नाही करत परत. आमच्या फडात कुणीच केलेली नाही. आबा तापाने फणफणलेले असतानाही गायला गेले होते, मला आठवतं. अशा माणसाला फसवायला डोकं लागत नाही, फक्त देवीचं नाव घ्यावं लागतं. रागावले होते नानांवर, रडू आलं त्या लोकांवर.
एकीकडे डफाची शपथ, दुसरीकडे देवीची सुपारी.

८ मे
नानांकडेच राहिले. सकाळी दातण करता करता नाना म्हणाले, "मागणं शे ना आपलं!"
माझ्या डोक्यातच नव्हतं. फडाची जुनी रीत: नमन संपलं की गायकाने गावासाठी देवीपुढे मागणं मागायचं. पाऊस, पीक, गुरांना चारा. ज्याने सुपारी दिली त्याने उभं राहून गावादेखत "दिधं", म्हणजे दिलं, म्हणायचं. तोवर डफ खाली ठेवायचा नाही. लहानपणी गावचे पाटील उठून "दिधं" म्हणायचे आणि सगळे हसायचे, पाऊस काय पाटलांच्या खिशात होता?
नाना म्हणाले, "पाऊस त्याना हातमा नही. वर्ग शे."
"आणि शपथ?"
"त्यानं नाव मी लेनार नही. देवीनं लिसू." म्हणजे गाणं देवीचं, त्याचा प्रचार नाही.
सुकलालभाऊंना फोन केला. म्हणाले, येतो बघायला.

१० मे, अखाजी
लिहिते भराभर, नाहीतर राहून जाईल.
गाव भरलेलं. माहेरी आलेल्या लेकी, निंबाला झोके, पारावर पत्ते, घराघरात खापरावरचे मांडे आणि आमरस. गॉगलवाले संध्याकाळी आले. निवडणुकीच्या भरारी पथकाचा कॅमेरावाला आधीच उभा. त्याने मला विचारलं, "मॅडम, हे भजन की प्रचार?" म्हटलं, "तुम्ही शूटिंग करा, मग साहेबांना विचारा."
नानांनी डफ गळ्यात घातला. नमन उचललं. आबांची चाल. मध्येच आवाज फाटला. पण मागे बसलेल्या लेकींनी झील धरली. सगळ्यांना येतं ते! लहानपणी ऐकलेलं. सूर पुन्हा उभा राहिला.
नमन संपलं. गॉगलवाल्यांचा मॅनेजर "बस बस" करत पुढे आला. नाना हलले नाहीत. मागणं सुरू केलं. पाऊस मागितला, चारा मागितला, मग गॉगलवाल्यांकडे वळून: आई भवानी, पोरंसोरंसले गाणं शिकाडाना वर्ग दे, दरसाल दे, सरकारना पैसासवर दे.
सगळं गाव गॉगलवाल्यांकडे बघतंय. ते हात जोडून उठले. "हो हो, नक्की प्रयत्न करू."
पुढे बसलेल्या एका अक्काने हात वर केला, "भाऊ, प्रयत्न नही. दिधं म्हना!"
मग लेकी. "दिधं म्हना! दिधं म्हना!" टाळ्या धरल्या, पत्ते टाकून माणसं उठली. गॉगलवाल्यांनी गॉगल काढला, घाम पुसला.
"बरं बाबा, दिलं समजा."
टाळ्या, शिट्ट्या. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं का बोलू. वळून बघते तर डफ नानांच्या गळ्यातच.
"समजा कसाले? देवीपुढे समजा चालत नही."
तोवर गाड्या पुढच्या सभेला निघाल्या होत्या. नाना गळ्यात डफ घालूनच घरी आले. मांडा खाल्ला तोही डफासकट.

११ मे
सुकलालभाऊ म्हणाले, त्यांच्याकडेही कुणी गाणार नाही. सोनगीरवाल्यांनी तर तिथल्या दोघा उमेदवारांना मागण्याला बोलावलंय. एकाने तब्येतीचं कारण दिलं.
सगळ्यांत मजा चष्मेवाल्यांच्या मॅनेजरची. स्वतः दुकानात आला. "ताई, तसाच कार्यक्रम आमच्याकडे आज होईल का? प्रचाराचा शेवटचा दिवस." पाणी दिलं त्याला. म्हटलं, कार्यक्रमाशिवाय बोला ना, एकच शब्द आहे. गेला.
सलीमभाई म्हणाले, "दिलं समजा हे सरकारच्याच कॅमेऱ्यात आलंय, ताई." खरंच की!

१३ मे
मत दिलं. कुणाला ते इथेही लिहीत नाही.
नानांचा आवाज आज सकाळपासून उठत नाही. श्वास तेवढा येतो.

२८ मे
डॉक्टर म्हणतात, महिनाभर एक अक्षर नाही. पुढचं पुढे. नाना माझ्याकडेच राहताहेत. डफ दुकानात खुंटीला टांगलाय, जमिनीला लागू दिलेला नाही.
निकाल चार तारखेला. जो येईल त्याची मिरवणूक आपल्याच रस्त्याने जाणार, दरवेळी जाते. चष्मेवाले येवोत नाहीतर गॉगलवाले, दारात उभं राहून मागणं मागायचं ठरलंय. आज सलीमभाईंनी विचारलं, "पण मागणार कोण?"
नानांनी खुंटीवरून डफ काढला आणि माझ्या गळ्यात घातला.
मी! जन्मभर दुसऱ्यांना राजे-राण्या केलं, स्वतः कधी तोंड उघडलं नाही. शाळेत प्रार्थनेलाही मला मागे उभं करायचे. नाही नाही म्हटलं. नाना बघत राहिले. ते नजरेनेसुद्धा अहिराणीतच बोलतात.
पहिली ओळ घेतली. सलीमभाईंनी मशीन थांबवलं, मग लगेच चालू केलं, बिचारे. नानांनी मान हलवली: चुकलं. बोटांनी डफावर ठेका दिला.
परत घेतली. परत मान. परत ठेका.
डफ जड आहे. खांदा भरून आलाय. उद्या पुन्हा.