बाईसाहेबांचा तंग

४ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

उभी असशील तर आधी बस. मी घोडी घेतली! खरं म्हणजे तट्टाणी. माझ्या खांद्याला लागते, रंगाने बदामी आणि तोऱ्याने महाराणी. घोडेस्वारीच्या शाळेतले मास्तर माझ्याकडून कोट शिवून घेतात, ते तुला ठाऊक आहे. शाळेत आता सगळे मोठे घोडे आहेत, ही बुटकी तिथे नुसतीच उभी असायची. मास्तर म्हणाले, सांभाळा. पण एप्रिलात येऊन बघणार, आणि तब्येत ठीक नसेल तर परत नेणार. मी नाव ठेवलं बाईसाहेब. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी तेच म्हणते, तेव्हा जिभेला वेगळी सवय लावायला नको.

तू म्हणशील, या वयात? अगं, पंचावन्न म्हणजे काय वय आहे? आणि माझं वजन तुला माहीत आहे. मास्तर म्हणाले, तुमच्यापेक्षा खोगीर जड. मी ठरवून टाकलंय. आधी न किंचाळता वर बसायचं. मग अंगणात एकटीने फेरी. मग पोस्टापर्यंत. आणि दहा एप्रिलला, तुझ्या पासष्टीला, थेट तुझ्या दारात घोडीवरून! घोडामैदान जवळच आहे.

आमचे हे, घड्याळजी ना, म्हणतात की दुकानात बारा घड्याळं बिघडलेली असताना घरात तेरावं आणलंस. पण पाणी पाजायला तेच आधी धावतात.

आशीर्वाद असावा, आणि हसू आवरावं.
तुझी धाकटी

१२ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

आईच्या मागे तुला मी वाढवलं ते शहाणी व्हावीस म्हणून. तो बेत फसला असं दिसतं. पत्र वाचून इतकी हसले की चहा नाकातून आला. मग काळजी वाटली, म्हणून वरच्या मजल्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

ते म्हणाले, मुख्य अन्न सुकं गवत, आणि ते दिवसभर थोडं थोडं. दाणे अगदी मूठभर, तेही काम केलं तरच. चाटायला मिठाचा खडा, प्यायला स्वच्छ पाणी. पाव, साखर बंद. तट्टाची जात हवा खाऊन फुगते म्हणे. दर आठवड्याला अंगावरून हात फिरवायचा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. आणि सगळं तोलून द्यायचं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं पथ्याचं जेवण तोलून वाढलं, तेव्हा यात तुझं अंदाजपंचे चालणार नाही.

पासष्टीला येणार असशील तर ये. मी दारात उभी राहीन. पडलीस तर उचलायला येणार नाही, माझी कंबर आधीच बोंबलते आहे.

लोभ वाढवावा, चारा वाढवू नये.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोस्ट जिंकलं! हे पत्र मी घोडीवर बसून पोस्टात न्यायचं ठरवलंय, म्हणजे पाकीट तुझ्या हातात पडेल तेव्हा त्याला जरा घोड्याचा वास येईल. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा तिथवर गेले. पोस्टमास्तरीणबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना बाईसाहेब चक्क दुडक्या चालीने निघाल्या. मी किंचाळले, पण ते आनंदाने, म्हणून धरायचं नाही.

गवत तोलून घालते, अगदी तुझ्या शब्दाबाहेर नाही. एकच गंमत आहे. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, मी हौसेने जाड कापडाचा शिवला होता. तो आता पुरेना. दोन बोटं उसवून सैल केला. परवा पुन्हा दोन बोटं. आजही सोडावा लागणार. कापड आटत असेल. मी काही बोलले नाही, गुपचूप शिवण सोडली. दुकानाचा नियम तुला माहीत आहे, गिऱ्हाईक जाड झालं असं कधी म्हणायचं नाही.

कालपासून मात्र बाईसाहेब रुसल्या आहेत. पुढचे पाय पुढे ताणून उभ्या राहतात आणि पाऊल टाकायला तयार नाहीत. जरा लाडीगोडी लावली की निघतील.

ममता आहे, ती तशीच राहू दे.
तुझी धाकटी

२२ फेब्रुवारी

धाकटे,

मायना राहू दे. तिच्यावर बसू नकोस! पाकिटाला घोड्याचा वास आला नाही, म्हणजे ती पोस्टापर्यंतही गेली नाही. ती रुसलेली नाही, तिचे खूर दुखताहेत. जास्त खाणं झालं की तट्टांच्या खुरांत दाह होतो, आणि वेळीच आवरलं नाही तर जनावर कायमचं लंगडं होतं. डॉक्टर हे पत्र घेऊन स्वतःच मोटारसायकलने निघाले आहेत.

अगं, तिसऱ्यांदा शिवण सोडतेस आणि कापड आटलं म्हणतेस? घोडी तुझं गिऱ्हाईक आहे का? तिला खरं सांगितलंस तर ती दुसऱ्या शिंप्याकडे जाणार होती का? गवत तोलतेस ना, मग तुझं घोडं पेंड खातंय कुठे ते शोध. घरातल्या प्रत्येकाला समोर बसव आणि विचार.

लोभ आहेच, पण आत्ता राग जास्त आहे.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घोडी वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर कठीण होतं. मी त्या दिवशी अंगणात बसून लहान मुलीसारखी रडले.

प्रत्येकाला विचारलं. आमचे हे रोज दुकान उघडण्यापूर्वी तिला गाजरं देत होते. समोरचे बेकरीवाले कुंपणावरून शिळा पाव. आणि ताई, मीसुद्धा, खोगीर उतरवलं की साखरेचे दोन खडे, पोस्ट जिंकल्याच्या दिवशी चार. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतो, एवढ्याशाने काय होतंय! बेकरीवाले तर डॉक्टरांपुढे कान धरून उभे राहिले.

आता सगळं बंद आहे. तीन आठवडे मऊ भुशावर विश्रांती झाली. परवापासून हातात दोर धरून मी तिला चालवते. कुरणात एकदम बकाबका खाऊ नये म्हणून डॉक्टरांनी मुसकं बांधायला सांगितलं, ते मी शिवलं, निळ्या गोटाचं. बाईसाहेब त्यातून एकेक काडी ओढतात आणि माझ्याकडे अशा बघतात की विचारू नकोस. ह्यांनाही रात्रीच्या जेवणापुरतं एक शिवावं म्हणते. तंग मी दोन बोटं आत घेतला आणि तिच्या तोंडावर सांगितलं, बाईसाहेब, तुम्ही जाड झाला होता. तिने कान हलवला. दुकान काही बुडालं नाही.

पण पावसाळ्यापर्यंत पाठीवर कोणी बसायचं नाही, असा हुकूम आहे. तुझ्या पासष्टीचा बेत बासनात गेला. मास्तरांना मी सगळं खरं कळवलं. ते एप्रिलात येणारच आहेत. ताई, त्यांनी तिला नेलं तर मला फार, फार वाईट वाटेल.

या वेड्या बहिणीवर माया असू दे.
तुझी धाकटी

११ एप्रिल

आमच्या जावईबुवांस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमच्या घरी मी एरवी पत्र धाडते ते धाकटीला. आज तुम्हाला, कारण ती इथे आहे.

काल सकाळी मी दार उघडलं तर रस्त्यावर तीन जण. पुढे तुमची बायको, धुळीने माखलेली. तिच्या हातात दोर. दोराला बाईसाहेब, निळं मुसकं बांधलेल्या आणि कंबर अशी की मला हेवा वाटावा. आणि मागे कोट हातावर टाकून तुमचे ते मास्तर. घोडीवरून यायची होती ना, ती घोडीबरोबर चालत आली! कालव्याकाठच्या मऊ वाटेने, पहाटेपासून. मी दारात उभी राहीन म्हटलं होतं, पण उभी कसली राहते, कंबर विसरून धावले आणि तिच्या गळ्यात पडले. घोडी मध्ये आली, तिच्याही.

मास्तर तुमच्याकडे घोडी न्यायला आले होते. तुम्ही त्यांना कालव्याकडे पाठवलंत, हे बरं केलंत. अर्ध्या वाटेत त्यांनी हिला गाठलं. बरगड्या चाचपल्या, खूर बघितले, मग उरलेली वाट मुकाट्याने मागून चालत आले. मी विचारलं, नेणार का? ते म्हणाले, शाळेतली पोरं घोड्यावर बसायला येतात. घोडी असून तिच्या पायांसाठी इतकं चालणारी बाई मी पाहिली नाही. घोडी हिचीच.

हे ऐकून हिने अंगणात अशी उडी मारली की आई गं म्हणून खालीच बसली. वरचे डॉक्टर उतरून आले. त्यांनी आधी घोडीचे खूर हाताने पाहिले. थंडगार, उत्तम. मग हिचे तळवे पाहिले. तापलेले, दोन्हीवर फोड. म्हणाले, आठ दिवस मऊ जागी विश्रांती, मोजून खाणं, आणि हिला कोणी चालवू नये.

तेव्हा आठ दिवस दोघी माझ्याकडे. घोडी परसात गवत खाते आहे, तुमची बायको पलंगावर बसून तिला बघते आहे, आणि मी दोघींचं तोलून वाढते आहे. पासष्ट वर्षांत असा वाढदिवस झाला नव्हता.

जिव्हाळा वाढत राहावा.
तुमची सासूच म्हणा,
ताई