चार थेंब तीर्थ

सरस्वतीपुरम. दसऱ्याची सुट्टी संपली, पहिला दिवस. संध्याकाळ.

डोकं नुसतं उठलंय. माझे गोल दाणे गेले! सोमवारी पीएच.डी.च्या समितीला काय दाखवू, कपाळ?

खडूचंच कॅल्शियम कार्बोनेट, पण दाणा गोल राहिला तर औषध पोटात धरतो. कोरडा आहे तोवर गोल. पाणी लागलं की विरघळतो, पुन्हा जमतो आणि चौकोनी खडा होऊन बसतो. तो काही परत गोल होत नाही. हे मला शिकवलं कुणी? माझ्या मार्गदर्शक सरांनीच. प्रयोगशाळेच्या दारावर ‘पाणी आत आणू नये’ ही पाटी कुणाची? सरांचीच.

आणि सुट्टीआधी, खंडेनवमीच्या आयुधपूजेला आंब्याच्या पानांनी तराजूवर, सूक्ष्मदर्शकावर, माझ्या उघड्या बश्यांवर तीर्थ कुणी शिंपडलं? मी शेजारीच हात जोडून उभी. भर पूजेत ‘सर, नको’ कसं म्हणायचं? वाटलं, चार थेंबांनी काय होतंय. बश्या झाकल्या नि घरी आले.

आज भिंगाखाली बघते तर बशीबशीत चौकोनी खडे. वाचली एकच, कपाटामागे राहिलेली. तिची पूजाच झाली नव्हती. तिच्यातले दाणे अजून मोहरीसारखे गोल.

सरांना नेऊन दाखवलं. म्हटलं, आता तरी ओशाळतील. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले. “नोडम्मा, बघ गं, देवीनेच राखली!”

मग देवीच्या फोटोवरचं शेवंतीचं फूल काढून त्यांनी त्या बशीत ठेवलं.

ताजं होतं. ओलं.