डबल बेल झाल्याशिवाय विमान हलत नाही

कंडक्टरसाहेबांच्या सेवेशी, सत्तावीस वर्षं ज्याच्या पाठीमागे तुम्ही बेल वाजवलीत, त्या निवृत्त ड्रायव्हरचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी जिना चढायला बंदी घातली असेल तर बरंच केलं. मी मजेत आहे. मजेत कसला, हवेत आहे!

या वयात विमान शिकणारा आपल्या डेपोतला मी पहिलाच. (शेवटचाही, असं बायको म्हणते. तिचं सोड.) आधी सिम्युलेटरवर बसवतात. म्हणजे एक बंद खोली, एक खुर्ची, समोर तीन मोठे पडदे आणि हातात विमानाचं चाक. विमान जागचं हलत नाही, पडद्यावरचं मात्र सगळं हलतं. पहिल्या दिवशी मी आरसाच शोधत बसलो. (नसतो. मागून कोण येतंय याची या लोकांना फिकीर नाही.) मग धावपट्टीवर चाक गरागरा फिरवलं, तरी विमान सरळ गवतात! जमिनीवर ते पायांनी वळवायचं असतं म्हणे. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान, पण दरारा काय विचारू नकोस. तरी तिसऱ्या आठवड्यात आडव्या वाऱ्यात मी विमान असं अलगद टेकवलं, की बाई म्हणाल्या, "काका, हे कुठे शिकलात?" म्हटलं, पाठीमागे साठ माणसं उभी असली की आपोआप येतं. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

एकच भानगड झाली. इंजिन चालू, परवानगी मिळालेली, आणि मी आपला ढिम्म बसून. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, अजून बेल झाली नाही. बाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. पण तेव्हापासून त्या टेबलावर दोनदा पेन्सिल वाजवतात आणि मी निघतो. आता खऱ्या विमानातही शेजारी बसून दारावर टकटक करतात. चौदा उड्डाणं झाली, एक ओरखडा नाही.

लोभ आहेच, तो वर गेल्यावरही राहील.

तुझा ड्रायव्हर
(आता पायलट म्हणालास तरी चालेल)

ता. क. : रविवारी सकाळी आठला मी एकटा उडणार आहे. बाई खाली थांबणार, शेजारची सीट रिकामी. अरे, मागे कुणाचा पाय पायरीवर राहिला नाही, हे तू सांगितल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. भीती वाटते रे. कुंपणापाशी येऊन उभा राहा. आणि येताना आपल्या गाडीतली ती घंटा आण, दोरीसकट. (निरोपाच्या दिवशी तूच काढून नेलीस, मी पाहिलंय.)

ता. ता. क. : इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येणार नाही, एवढं मलाही कळतं. तू वाजव. तुझा हात दोनदा हललेला दिसला, की मी निघालो.