तात्या गुरवाचं मरण

सातारा, ता. ९ जाने. १९४६
सकाळी पूजा आटोपली, चहा घेतला आणि कादंबरीतल्या तात्या गुरवाला मारलं. एकादशी, ओठांवर नाम, उशाशी त्यानं लिहीत आणलेली अर्धी पोथी. लिहिताना मीच रडलो.
तात्या म्हणजे सांगलीचा बापू. तोच दोरा बांधलेला चष्मा, वाक्य आवडलं की टोपी काढून मांडीवर ठेवणं तेच. शाळेत एका बाकावर होतो. त्याची कादंबरी वाचूनच मी लिहू लागलो. त्याची दुसरी बारा वर्षं अर्धी पडून आहे. उपकार तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून हा तात्या.

ता. २० जाने.
बाड घेऊन सांगलीस. बापूनं ओसरीवर बसून सगळं वाचलं. दोनदा टोपी काढली. शेवटच्या प्रकरणाला मात्र डोक्यावरच.
"मला मारलंस व्हय रं?"
आतून वहिनी, "बरं झालं की. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय."
"वाढीव घिऊन काय करू? आन् गड्या, तात्याची पोथी अर्धी ऱ्हायली, ती फुडं कुनी नेली? का वाण्याच्या पुड्या झाल्या?"
हसला. निदान मला तसं वाटलं.

ता. २१
परतीच्या मोटारीत तेच डोक्यात. एकादशीचं मरण म्हणजे मोठा मान, असं मला वाटलेलं. पण जिवंत माणसाला? त्याची दुसरी कादंबरी आता व्हायची नाही, हे मीच मनाशी ठरवून टाकलं होतं की काय. मग तो मान कसला...

ता. २ फेब्रु.
तात्याला वाचवून पाहिलं. ताप उतरवला. खोटं वाटतं. पुन्हा मारायला बसलो, हात चालेना. जपात मन नाही.
बापूचं कार्ड: "तात्या हाय का गेला?" बाकी काही नाही. थट्टा की राग, कळत नाही.
छापखान्याचा निरोप, कागद मिळाला आहे, बाड लगेच द्या.

ता. ११ फेब्रु.
शेवटचं प्रकरण काढून बाड छापखान्यात दिलं. शेवट दुसऱ्याच्या हातचा येईल म्हणालो. मालक बघतच राहिले.
"आवं गुरुजी, आन् त्येनं न्हाईच लिवला तर?"
हात जोडून बाहेर पडलो.
तिथून टपालात गेलो. वीस कोरे ताव बापूच्या नावानं रजिस्टर केले. सोबत एक ओळ: तात्या हाय. फुडचं तू लिव.