शेंगदाण्याचे लाडू आणि पेशींची झाडलोट

४ जानेवारी २०१०
बायकोचा, तुळजाचा, टायफॉइड उतरला, पण वजन एक्केचाळीस किलो. डॉ. वीरभद्रप्पा म्हणाले, महिन्यात पंचेचाळीस झालं नाही तर अ‍ॅडमिट करून सलाईन लावावं लागेल. डाळ, दूध, शेंगदाणे, वेळेवर जेवण. मग उगाच मलाही काट्यावर उभं केलं. ब्याऐंशी. कुणी विचारलं होतं?

५ जानेवारी
भाग्यलक्ष्मीनं पुण्याहून लेखाचं प्रिंटआउट पाठवलं. वडलांच्या विषयाची मुलीला आठवण आहे, बरं वाटलं. विषय ऑटोफॅजी. रक्तात अमायनो आम्लं भरपूर असली की पेशीतला एम-टॉर नावाचा वॉचमन जागा राहतो आणि झाडलोट होऊ देत नाही. आम्लं घटली की तो झोपतो आणि पेशी स्वतःचा कचरा खाऊन टाकते. तीस वर्षं झूऑलॉजी शिकवली, आता प्रयोग स्वतःवर. उद्यापासून रोज दिवे लागेपर्यंत उपवास.
पुढे असंही लिहिलंय की अशक्त माणसाची उपासमार लांबली तर शरीर स्नायूच खायला लागतं. तो भाग मला लागू नाही. पुढे वाचला नाही.

६ जानेवारी, सकाळी ११
डोकं हलकं. पेशी कामाला लागल्या.
दुपारी १
डोकं फारच हलकं. ठाणाकुशनूरहून गंगव्वाक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, तुळजासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पाठवलाय. दोन घेतले. शेंगदाणा उपवासाला चालतो.

९ जानेवारी
तुळजाही दिवसभर नुसत्या चहावर. विचारलं तर म्हणाली, "तुमी उपाशी, अन् मी कशी जेवू?" आमच्यात नवरा उपाशी असला की बाई ताटावर बसत नाही. आईही बसत नसे. मी आग्रह केला. एकदा केला. माझ्यापुढे मात्र लाडू न चुकता आणून ठेवते, दुधाचा पेलाही.

१४ जानेवारी, संक्रांत
सणाला उपाशी राहणं बरं दिसत नाही. उद्यापासून कडक.

१५ जानेवारी
काल फार झालं, एकदम कडक नको. तीन लाडू.

२० जानेवारी
पँटचं बटण लागत नाही. धुण्याची नवी पावडर कापड आटवते.
स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचा सुनीलकुमार म्हणाला की शेंगदाण्यात ल्यूसीन हे अमायनो आम्ल असतं, तुमच्या वॉचमनला जागं करणारं तेच. संताप आला. उपवास म्हणजे काय, हे केमिस्ट्रीवाल्यांना कधी कळणार?

२७ जानेवारी
डबा रिकामा. गंगव्वाक्काला फोन केला की लाडू तुळजाला फार मानवलेत, अजून पाठव. ती बिचारी खूश झाली.
संध्याकाळी तुळजा भाकरी थापताना भिंत धरून उभी राहिली. अर्धीच भाकरी खाल्ली. आजारातून उठलेल्या माणसाला वेळ लागतोच. डॉक्टरांची औषधं काही कामाची नाहीत. चार तारखेला चांगलं खडसावतो.

४ फेब्रुवारी, दुपारी १२
तुळजा एकोणचाळीस. मी चौऱ्याऐंशी.
काटा बिघडलाय, म्हणालो. डॉक्टरांनी घरी कोण काय खातं ते विचारलं. मीच सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज उतरत गेला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घरातलं वजन घटलं न्हाई सर. जागा बदलली."
तिला लगेच अ‍ॅडमिट केलं.

संध्याकाळी ५
सलाईन चालू. बाटलीवरचं लेबल वाचलं. अमायनो आम्लं. यादीत ल्यूसीनही आहे. घरून तो लेख आणला आणि राहिलेला भाग आज वाचला. लाज वाटली. भीती जास्त वाटली.
तिच्यासमोर बसून डाळ-भात खाल्ला. मग कुठे तिनं चार घास घेतले. नर्सनं उशी सरकवली तर खाली स्टीलची डबी. आत दोन लाडू. हे कामून ठेवलीस, म्हणालो.
"तुमच्या उद्याच्या उपासाला."