नानांची रजा

औरंगाबाद,
बुधवार, १० नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप नानांना कस्तुराचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळं ठीक, असं लिहून पुढं जाता येत नाही. आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘आई दोन्ही वेळा अर्धी भाकरी खाते’ असं मी लिहिलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं. आईनं सांगितलं होतं. शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला घरी शिकवलंत, की सरकारी अहवाल असो की घरचं पत्र, पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र करू नये.

तर पाहिलेलं असं. दुधात कुस्करलेली भाकरीही ती दोन घासांनंतर सरकवते. स्वयंपाकाच्या द्वारकाबाई मला म्हणतात, “ताई, खाल्लं म्हणूनच लिवा. तिकडं परमुलखात त्यायच्या जिवाला घोर नको.”

तिथल्या राजाला अधिकारपत्र देतानाचा तुमचा पेपरातला फोटो आईच्या उशाशी असतो. सारं गाव राजदूत म्हणून कौतुक करतं, आई एवढंच म्हणते, “शेरवानी खांद्यात सैल झालीय.”

डॉक्टर परवा फाटकाजवळ थांबून मला म्हणाले, संक्रांतीपर्यंतचं आता बोलू नका.

तुमचं पत्र आलं की आई विचारते, “मिळाली का गं रजा?” सरकारनं नामंजूर केली, असं तुम्ही लिहिता. मी तेच वाचून दाखवते. मागच्या वेळी ती हसली. “मग निजामाचं सरकार बरं म्हणायचं. बायको आजारी पडली की रजा तरी द्यायचं.”

आता ऐकलेलं. काकासाहेब दिल्लीला गेले होते. तुमच्या रजेसाठी रदबदली करावी म्हणून ते परराष्ट्र खात्यातही गेले. तिथं त्यांना कळलं, की तुमचा अर्ज आलेलाच नाही. घरी आल्यावर काका पायरीवरच बसले. “लई मोठा झाला गं दादा. राजाशी फारसीत बोलतो, अन् एक अर्ज लिहवत नाय त्याला?”

मी काकांना आईजवळ बोलू दिलं नाही.

हे खोटं निघावं, असं मला फार वाटतं. एखादा करार तुमच्यावाचून अडला असेल. किंवा आईला अशी बघणं तुम्हाला सोसणार नसेल. तसं असेल तर तसं लिहा. मी तुमचीच मुलगी आहे, मलाही ते सोसत नाही. पण मी इथं आहे.

आईला माहेरी जायचं आहे. वैजापूरला साळूमावशीजवळ निजायचं, एवढंच ती मागते. पुंजाराममामा दोनदा मोटार घेऊन आले. दोन्ही वेळा तिनं त्यांना रिकामं परत पाठवलं. “मी निघून गेले अन् इकडं हे आले तर? दाराला कुलूप बघतील.” नाना, जी रजा तुम्ही मागितलीच नाही, तिच्यासाठी ती इथं थांबली आहे.

येत असाल तर तार करा. मी तुमचे पाय धरून या पत्राची क्षमा मागेन. तार आली नाही तर मी आईला खरं सांगेन आणि मामांच्या मोटारीतून वैजापूरला नेईन. वाटेत ती रडेल. रडू दे. संध्याकाळी बहिणीजवळ तरी असेल.

तब्येतीला जपा. शेरवानी शिंप्याकडून नीट करून घ्या.

गुरुवार, दोन डिसेंबरच्या सकाळपर्यंत तुमची वाट पाहणारी,
कस्तुरा